फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकमधील भेगा: विद्युत क्षेत्र त्या वाढवते की थोपवते?

डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरमध्ये, सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये, पाणबुडीच्या सोनारमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये एकाच कुळातले सिरॅमिक काम करत असते. त्याला व्होल्टेज दिले की ते किंचित लांबते आणि दाबले की व्होल्टेज निर्माण करते. ही फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिके जितकी उपयोगी तितकीच ठिसूळ असतात. त्यांच्यात बारीक भेगा असतातच आणि काम करताना नव्याही पडतात. मग असा प्रश्न येतो: ज्या विद्युत क्षेत्राच्या जोरावर हे सिरॅमिक काम करते, तेच क्षेत्र त्यातली भेग वाढवते की थोपवते?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर १९९० च्या दशकात सिद्धांत एक सांगत होता आणि प्रयोग दुसरेच दाखवत होते. हा घोळ कसा झाला आणि त्यातून काय कळले, ते या लेखात पाहू.

फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिक म्हणजे काय?

काही स्फटिकांमध्ये धन आणि ऋण विद्युतभारांची केंद्रे एकमेकांवर बसत नाहीत, थोडी सरकलेली असतात. त्यामुळे स्फटिकाला कायमचे विद्युत ध्रुवण असते. बाहेरून पुरेसे क्षेत्र देऊन या ध्रुवणाची दिशा बदलता येत असेल, तर तो पदार्थ फेरोइलेक्ट्रिक. हा गुणधर्म १९२० मध्ये जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल सॉल्ट या क्षारात आढळला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट पुढे आले. १९५४ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड जॅफे आणि सहकाऱ्यांनी लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी, या सिरॅमिकचे प्रभावी दाबविद्युत गुण दाखवून दिले. आजही या क्षेत्रात पीझेडटीचाच वापर सर्वाधिक आहे.

सिरॅमिक हे असंख्य सूक्ष्म कणांचे बनलेले असते आणि प्रत्येक कणात ध्रुवणाच्या वेगवेगळ्या दिशांचे पट्टे असतात. या पट्ट्यांना डोमेन म्हणतात. डोमेनमधला स्फटिक ध्रुवणाच्या दिशेने किंचित लांब असतो. बेरियम टायटनेटमध्ये हा फरक सुमारे १ टक्का आहे. त्यामुळे डोमेन ९० अंशांत वळले की त्याचा आकारही बदलतो. १८० अंशांत उलटले तर मात्र ध्रुवण उलटे होते, आकार तोच राहतो. ९० अंशांचे हे वळण पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

भट्टीतून निघालेल्या तुकड्यातली डोमेन सगळ्या दिशांना विखुरलेली असतात. तो तुकडा साधारण १०० ते १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात ठेवून त्याला दर मिलिमीटरला २ ते ४ किलोव्होल्टचे क्षेत्र देतात. डोमेन शक्य तितकी त्या दिशेला वळतात. या क्रियेला पोलिंग म्हणतात. त्यानंतर पोलिंगच्या दिशेने दिलेले क्षेत्र धन आणि उलट दिशेने दिलेले क्षेत्र ऋण मानतात. ऋण क्षेत्र वाढवत नेले की एका मर्यादेला ध्रुवण उलटू लागते. त्या मर्यादेला कोअर्सिव्ह क्षेत्र म्हणतात. मऊ प्रकारच्या पीझेडटीमध्ये ते दर मिलिमीटरला १ किलोव्होल्टच्या आसपास असते.

किती ठिसूळ?

भेग कधी वाढते याचा पाया ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये काचेवरील अभ्यासातून घातला. भेग पुढे सरकताना पदार्थात साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा खर्च होते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चाला पुरली की भेग धावते. भेगेला होणाऱ्या विरोधाला भंगदृढता म्हणू. ती मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ या एककात मोजतात. खिडकीच्या काचेची भंगदृढता ०.७ ते ०.८, पीझेडटीची १ च्या आसपास आणि साध्या पोलादाची ५० किंवा अधिक असते. म्हणजे पीझेडटी काचेच्याच पंगतीत बसते. फरक एवढाच, की खिडकीच्या काचेला कोणी सेकंदाला शंभर वेळा लांब-आखूड करत नाही.

क्षेत्राने भेग उघडावीच का?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्षेत्र दिले की सिरॅमिक लांबते, म्हणून त्यात ताण येतो आणि भेग उघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण मोकळा तुकडा सगळीकडे सारखाच लांबत असेल, तर त्यात ताण येत नाही. उन्हाने तापलेली मोकळी लोखंडी पट्टी लांबते, पण तिच्यात ताण येत नाही. ती दोन्ही टोकांना जखडली तरच येतो. सिरॅमिकचेही तसेच आहे. एक भाग लांबू पाहतो आणि शेजारचा भाग त्याला अडवतो तेव्हा ताण निर्माण होतो.

म्हणून खरा प्रश्न असा, की क्षेत्र कुठे असमान होते? याची तीन मुख्य ठिकाणे आहेत: भेगेची पोकळी, भेगेच्या टोकाजवळची डोमेन आणि इलेक्ट्रोडची कडा.

भेगेच्या पोकळीत काय घडते?

हवेचा सापेक्ष परावैद्युतांक जवळजवळ १ आहे, पीझेडटीचा १,००० ते ३,०००. क्षेत्राला आडवी असलेली भेग म्हणजे उत्तम परावैद्युत पदार्थात घातलेली अत्यंत निकृष्ट परावैद्युताची पातळ चकती. भेग क्षेत्राला समांतर असेल, तर तिच्यामुळे क्षेत्रात फारसा अडथळा येत नाही. म्हणूनच भेगेची दिशा सांगितल्याशिवाय वरच्या प्रश्नाला अर्थ नाही.

भेगेची रुंदी किती महत्त्वाची असते ते एका हिशोबातून पाहू. १ मिलिमीटर जाड तुकडा घ्या. त्याचा परावैद्युतांक १,५०० धरा आणि त्यात इलेक्ट्रोडला समांतर अशी आरपार भेग आहे असे समजा. हवेचा १ मायक्रोमीटर हा १,५०० मायक्रोमीटर, म्हणजे दीड मिलिमीटर सिरॅमिकइतका अडथळा करतो. तुकड्याला १,००० व्होल्ट दिले, तर ते असे वाटले जातील:

– भेग १ मायक्रोमीटर रुंद असेल तर ६०० व्होल्ट एकट्या भेगेवर पडतात.
– भेग ०.१ मायक्रोमीटर रुंद असेल तर सुमारे १३० व्होल्ट.
– भेग ०.०१ मायक्रोमीटर रुंद असेल तर अवघे १५ व्होल्ट.

भेग बारीक असेल तर क्षेत्राला ती जणू दिसतच नाही. ती जरा उघडली की तीच भेग भिंतीसारखी आडवी येते. ६०० व्होल्ट १ मायक्रोमीटरवर पडणे म्हणजे दर मिलिमीटरला ६०० किलोव्होल्टचे क्षेत्र. इतके क्षेत्र हवेच्या फटीत टिकणे अवघड असते. भेगेत ठिणग्या पडू शकतात आणि तिच्या पृष्ठभागांवर विद्युतभार साचू शकतो. म्हणून अशा चाचण्या बहुधा सिलिकॉन तेलात बुडवून करतात. तेल भेगेत शिरले की तिथला परावैद्युतांक वाढून सुमारे २.७ होतो. मग वरच्या पहिल्या उदाहरणात ६०० च्या जागी ३६० व्होल्टच्या आसपास भेगेवर पडतील. भेगेत काय भरले आहे याने उत्तर इतके बदलते.

सिद्धांत आणि प्रयोग यांचे जमेना

गणित करणाऱ्यांनी आधी दोन टोकाची गृहीतके घेतली. सोव्हिएत संशोधक पार्टन यांनी १९७६ मध्ये भेग क्षेत्राला पूर्ण पारदर्शक मानली. १९८० मध्ये डीग यांनी आणि नंतर इतरांनी ती पूर्ण अपारदर्शक मानली, म्हणजे क्षेत्र तिच्यातून जातच नाही असे धरले.

पारदर्शक मानली तर क्षेत्राला आडव्या भेगेवर क्षेत्राचा काहीच परिणाम दिसत नाही. अपारदर्शक मानली तर उत्तर आणखी चमत्कारिक येते: क्षेत्र धन असो वा ऋण, ते भेगेला थोपवतेच. यामागचे तर्कशास्त्र सोपे आहे. विद्युत बले नेहमी कपॅसिटरची धारिता वाढवण्याच्या बाजूने काम करतात. कपॅसिटरच्या दोन पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात त्या त्यामुळेच. भेग वाढली की धारिता घटते, म्हणून विद्युत ऊर्जा तिच्या वाढीला विरोध करते. ही ऊर्जा क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्याने दिशा उलटली तरी फरक पडत नाही.

प्रयोगांनी याला दुजोरा दिला नाही. अमेरिकेतील पार्क आणि सन यांनी १९९५ मध्ये पीझेडटी-४ या प्रकारच्या नमुन्यांवर बाहेरून यांत्रिक भार दिला आणि त्याच वेळी विद्युत क्षेत्र लावले. धन क्षेत्रात नमुने कमी भाराला तुटले, ऋण क्षेत्रात जास्त भार लागला. म्हणजे दिशेला महत्त्व होते. इतर काही गटांना वेगळ्या नमुन्यांत याच्या उलट कल दिसला. हाँगकाँगमध्ये फू आणि झांग यांनी २००० मध्ये दाखवले, की त्यांच्या पीझेडटीमध्ये धन आणि ऋण दोन्ही क्षेत्रांनी भंगदृढता घटते. हे तर अपारदर्शक भेगेच्या भाकिताच्या थेट विरुद्ध होते.

वास्तव दोन टोकांच्या मध्ये आहे, हे हाओ आणि शेन यांनी १९९४ मध्ये सुचवले होते. त्यांनी भेगेला तिच्या रुंदीप्रमाणे ठरणारी मर्यादित धारिता दिली. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पीझेडटीतल्या भेगेच्या दोन काठांमधला व्होल्टेजचा फरक प्रत्यक्ष मोजण्यात आला. फरक होता, पण भेग पूर्ण अपारदर्शक असती तर दिसला असता त्यापेक्षा कमी. भेगेचे काठ जागोजाग एकमेकांना टेकलेले असतात, मधल्या कणांचे पूल असतात. तिथून क्षेत्राला वाट मिळते.

पण यानेही दिशेचे कोडे सुटत नाही. त्यासाठी सिरॅमिकच्या आत, डोमेनकडे वळावे लागते.

भेगेच्या टोकाशी वळणारी डोमेन

ही गोष्ट एका सोप्या चाचणीत डोळ्यांनी दिसते. पिरॅमिडच्या आकाराचे हिऱ्याचे टोक सिरॅमिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर दाबले की खड्ड्याच्या चार कोपऱ्यांतून चार भेगा निघतात. पोलिंग न केलेल्या तुकड्यात चारही जवळजवळ सारख्या लांबीच्या असतात. पोलिंग केलेल्या तुकड्यात तसे नसते. पोलिंगच्या दिशेला आडव्या गेलेल्या भेगा लांब असतात आणि समांतर गेलेल्या आखूड.

कारण असे. भेगेच्या टोकाजवळ प्रचंड ताण असतो. तिथली काही डोमेन ९० अंशांत वळून आपली लांब बाजू ताणाच्या दिशेला करतात. वळण्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय भेग पुढे गेल्यावर मागे उरलेला, लांब झालेला पट्टा तिच्या काठांना दाबून धरतो. भेगेला थोपवणारी ही पदार्थाची स्वतःची यंत्रणा आहे. क्युरी तापमानाच्या वर, बेरियम टायटनेटमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या पुढे, डोमेनच उरत नाहीत आणि हे संरक्षणही जाते.

पोलिंगला समांतर भेगेच्या टोकाशी ताण पोलिंगला आडवा असतो, त्यामुळे वळायला भरपूर डोमेन हाताशी असतात. आडव्या भेगेच्या टोकाशी मात्र बहुतेक डोमेन आधीच ताणाच्या दिशेने उभी असतात. वळायला फारशी कोणी उरत नाहीत आणि संरक्षण कमी पडते.

आता यात बाहेरचे क्षेत्र मिसळा. धन क्षेत्र डोमेनना जागच्या जागी धरून ठेवते, तर ऋण क्षेत्र त्यांना अस्थिर करते. शिवाय भेगेच्या टोकाला ताणाप्रमाणे क्षेत्रही एकवटते. बाकीचा तुकडा कोअर्सिव्ह क्षेत्राच्या खूप खाली असला, तरी टोकाजवळच्या इवल्याशा भागात ती मर्यादा ओलांडलेली असू शकते. तिथली डोमेन वळतात आणि सभोवतालचा न वळलेला भाग त्यांना जखडतो. वळलेल्या डोमेनचा आकार नेमका कुठे लांबला यावर टोकाशी दाब येईल की ताण, हे ठरते. भेग कुठल्या दिशेची, पोलिंग किती पक्के, सिरॅमिक मऊ की कठीण, बाहेरचा भार किती, यांत फरक झाला की उत्तराचे चिन्हच बदलू शकते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल परस्परविरोधी दिसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

पुन्हा पुन्हा उलटणारे क्षेत्र

एका बाबतीत मात्र प्रयोगांचा कौल बराच स्पष्ट आहे. १९९४ मध्ये काओ आणि इव्हान्स यांनी हिऱ्याने पाडलेल्या भेगा असलेल्या नमुन्यांना उलटसुलट क्षेत्र दिले. क्षेत्राचा जोर कोअर्सिव्ह क्षेत्राच्या पुढे जाताच, क्षेत्राला आडव्या भेगा प्रत्येक आवर्तनात थोड्या थोड्या वाढत गेल्या. बाहेरून कसलाही यांत्रिक भार नव्हता.

क्षेत्र उलटते तेव्हा टोकाजवळची डोमेन बाकीच्या तुकड्याच्या आगेमागे वळतात. प्रत्येक वळणात काही क्षण शेजाऱ्यांशी आकार जुळत नाही आणि टोकाशी ताण येतो. एका फेरीत फारसे बिघडत नाही. पण तार एकदा वाकवली तर टिकते आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली तर तुटते, तसाच हा थकवा आहे. भर म्हणजे भेगेत अडकलेली सिरॅमिकची भुकटी पाचरीसारखे काम करू शकते.

इलेक्ट्रोडच्या कडेला जन्मणारी भेग

इंजेक्टरमधले ॲक्च्युएटर एकसंध नसतात. कमी व्होल्टेजमध्ये काम भागावे म्हणून सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे शेकडो थर, मध्ये धातूचे इलेक्ट्रोड घालून, एकावर एक रचलेले असतात. एवढ्या पातळ थराला २०० व्होल्टच्या आतच दर मिलिमीटरला २ किलोव्होल्टच्या जवळपास क्षेत्र मिळते. त्याने रचना सुमारे ०.१ टक्का लांबते. म्हणजे ४० मिलिमीटरची रचना सुमारे ४० मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहून कमी. एवढ्यानेच इंधनाची झडप चालते.

हे इलेक्ट्रोड आळीपाळीने धन आणि ऋण बाजूंना जोडलेले असतात. धन इलेक्ट्रोड ऋण बाजूला चिकटू नये म्हणून तो काठापर्यंत नेत नाहीत, थोडा आधीच थांबवतात. त्यामुळे काठाला अशी पट्टी उरते जिथे पुरेसे क्षेत्र नाही. मधला भाग लांबतो, काठ लांबत नाही, म्हणून काठाला ताण बसतो. इलेक्ट्रोडच्या टोकाशी क्षेत्रही एकवटते. कारखान्यातून सुटलेली भेग मुळीच नसली, तरी इथे ती जन्मू शकते. पुष्कळदा ती पोलिंगच्या वेळीच पडते.

यावर किती भार पडतो याचा हिशोब करा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ज्वलन होते. दर ज्वलनाला इंधनाचे ४ फवारे धरले, तर सेकंदाला १०० वेळा हे सिरॅमिक लांब-आखूड होते. ३,००० तासांत ही संख्या १०८ कोटी होते.

मग उपाय काय?

भेगच पडू नये, ही अपेक्षा अभियंत्यांनी बऱ्याच अंशी सोडून दिली आहे. भेग कुठून जाते, याला त्यांनी महत्त्व दिले. इलेक्ट्रोडला समांतर भेग रचनेला दोन भागांत विभागते, पण दोन्ही भाग काम करत राहू शकतात. तीच भेग वळून एका इलेक्ट्रोडपासून शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचली, तर तिच्यातून वीज वाहू लागते आणि ॲक्च्युएटर निकामी होतो.

म्हणून काही रचनांमध्ये ठराविक अंतरावर मुद्दाम कमकुवत थर ठेवतात. भेग पडायचीच तर तिथे पडावी आणि इलेक्ट्रोडला समांतर सरळ जावी, हा हेतू. भेगेमुळे बाहेरची धातूची पट्टी तुटू नये म्हणून तिला लवचीक तार किंवा जाळी जोडतात. सगळी रचना स्प्रिंगने दाबून बसवतात, कारण सिरॅमिक दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. क्षेत्र शक्यतो एकाच, म्हणजे धन दिशेने देतात. ऋण दिशेने दिलेच तर कोअर्सिव्ह क्षेत्राच्या बरेच खाली ठेवतात, म्हणजे डोमेन पुन्हा पुन्हा उलटत नाहीत.

मोबाइलमधल्या बेरियम टायटनेटच्या बहुथरी कपॅसिटरमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे भेग बहुधा सर्किट बोर्ड वाकल्याने पडते, क्षेत्रामुळे नाही. पण भेगेत दमट हवा शिरली की क्षेत्र तिच्यातून धातूचे आयन ओढून नेते आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी शॉर्ट सर्किट होते. तिथे क्षेत्र भेग पाडत नाही, पण पडलेल्या भेगेचा नाश घडवण्याइतका उपयोग करून घेते.

थोडक्यात

विद्युत क्षेत्र भेग वाढवते की थोपवते, याला एका शब्दात उत्तर नाही. सगळीकडे समान असलेले क्षेत्र मोकळ्या सिरॅमिकला फक्त लांबवते. ते असमान झाले की ताण निर्माण होतो. भेग क्षेत्राला समांतर असेल तर परिणाम कमी. आडवी असेल तर तिची रुंदी, तिच्यात काय भरले आहे आणि टोकाशी डोमेन कशी वळतात, यावर सगळे अवलंबून असते. कोअर्सिव्ह क्षेत्राच्या पुढे जाऊन उलटसुलट होणारे क्षेत्र मात्र भेगेला हमखास खतपाणी घालते. म्हणून अशा सिरॅमिकचे यंत्र बनवणाऱ्याला किती व्होल्ट द्यायचे एवढेच ठरवून भागत नाही. ते क्षेत्र कोणत्या कडेला असमान होणार आणि तिथे पडलेली भेग कोणत्या दिशेने जाणार, हेही आधीच ठरवावे लागते.